वडील, क्वार्टर आणि स्कूटर सोडून

गेल्या महिन्यात चष्म्याच्या काचा बदलायला महाराणा प्रताप नगरात गेले होते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका कोचिंगवाल्याचा भलामोठा फलक होता: ‘रिलेटिव्ह क्लॉज, सिर्फ दस मिनट में!’ शेजारी टाय लावून हाताची घडी घातलेल्या एका तरुणाचा फोटो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा मिनिटांत? अरे बाबा, मी तेहतीस वर्षं तेच शिकवत होते, आणि ते नीट कळायला मला निवृत्तीनंतरची सात वर्षं आणखी लागली. जिना चढून त्याला हे सांगावं असं फार मनात आलं, पण गुडघ्यांनी नकार दिला.

घरी आले तर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन. “शाळेतल्या गमतीजमती लिहा ना, काकू. हलकंफुलकं काहीतरी.” गमती पुष्कळ आहेत, त्याही सांगते. पण हलकंफुलकं जमेलसं वाटत नाही. राग आला की माझं अक्षरसुद्धा मोठं होतं, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

मी भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आमचे हे त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा वाटलं होतं, काय सुंदर वसाहत आहे! सरळ रस्ते, गुलमोहर, प्रत्येक घरापुढे बाग. आठवडाभरात कळलं की इथे माणसाला नाव नसतं. शेजारच्या बाई पहिल्यांदा भेटल्या त्या विचारत्या झाल्या, “कौन से टाइप में हो?” मला वाटलं, रक्ताचा गट विचारतायत की काय. क्वार्टरचे टाइप होते, साहेबाच्या ग्रेडप्रमाणे. त्यावरून कुणाच्या हळदीकुंकवाला जायचं, कुणाला नुसती मान हलवायची आणि कुणाच्या मुलाशी आपल्या मुलाने खेळायचं, हे सगळं ठरे. क्लबातसुद्धा बायका त्याच क्रमाने बसत, कुणी न सांगता.

आणि अशा ठिकाणी मी शिकवत होते रिलेटिव्ह क्लॉज! ज्यांचा इंग्रजीशी शाळेपुरताच संबंध आला त्यांच्यासाठी सांगते, घाबरू नका. आपण म्हणतो, ‘जी मुलगी खिडकीपाशी बसते ती माझी बहीण.’ त्यातलं ‘जी खिडकीपाशी बसते’ हे त्या मुलीची ओळख पटवण्यासाठी आलं. ते काढलं तर वर्गातल्या वीस मुलींपैकी नेमकी कोण ते कळायचं नाही. इंग्रजीत हेच काम ‘हू’ करतो, ‘विच’ करतो, ‘हूज’ करतो. झालं, एवढंच. आमची मुलं हिंदीत विचार करायची आणि लिहायची, ‘विच गर्ल सिट्स निअर विंडो, दॅट गर्ल इज माय सिस्टर.’ ह्या एका वाक्यापायी जवाहर चौकातल्या स्टेशनरीवाल्याकडून मी लाल शाईच्या किती बाटल्या आणल्या असतील, देव जाणे.

आणखी एक प्रकार असतो, तो शोभेचा. माणूस कोण ते आधीच कळलेलं असतं, तरी आपण जाताजाता काहीतरी जोडतो. ‘माझी बहीण, जी फार उंच आहे, उद्या येणार.’ इंग्रजीत ते दोन स्वल्पविरामांच्या मधे टाकतात. मी मुलांना सांगायचे, “पहिला प्रकार म्हणजे पत्ता, दुसरा म्हणजे गप्पा. गप्पा पुसून टाका, वाक्याचं काही बिघडत नाही.” काय डोंबल बिघडत नाही! पण ते पुढे.

पाठ करून हे येत नाही, म्हणून मी एक खेळ काढला होता. दर शनिवारी शेवटच्या तासाला ‘ओळखा कोण’. एकाने उभं राहायचं, वर्गातल्या कुणाचंही नाव न घेता ‘हू’ घालून एका वाक्यात त्याचं वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. मुलं शनिवारची वाट बघत. एकदा एकाने सांगितलं, ‘जो दोन जणांच्या वतीने प्रेझेंट म्हणतो तो मुलगा,’ आणि ज्याचं बिंग फुटलं तो माझ्याकडे बघून इतका गोड हसला की मला ओरडताही येईना.

पण पहिल्याच महिन्यात एक गोष्ट झाली. दहावीच्या वर्गात कौसल्या नावाची मुलगी होती. सडपातळ, दोन घट्ट वेण्या, पहिल्या बाकावर. तिचे वडील गेंदालाल कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होते. मीटिंगांना चहा-समोसे घेऊन जाणं हे त्यांचं काम. कँटीनच्या मागे दोन खोल्यांत हे कुटुंब राहायचं. टाउनशिपच्या हद्दीत राहणाऱ्या कुणाचंही मूल दहावीपर्यंत आमच्या शाळेत घेत, म्हणून ती आमच्याकडे. तर त्या शनिवारी एका साहेबांचे चिरंजीव उठले आणि म्हणाले, ‘द गर्ल हूज फादर ब्रिंग्ज समोसाज.’ सगळा वर्ग फिदीफिदी हसला. वाक्य अगदी बिनचूक होतं हो. एक चूक नाही. मला त्या पोराच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्या दिवशी मी फळ्यावर नियम लिहिला: वडील, क्वार्टर आणि स्कूटर सोडून. माणसाबद्दल ह्या तीन गोष्टींखेरीज काहीही सांगा. आधी मुलं गोंधळलीच. घरी ह्याखेरीज कुणाची ओळख करून दिल्याचं त्यांनी ऐकलंच नव्हतं ना! मग हळूहळू बघायला लागली. कोण डबा उघडायच्या आधी दुसऱ्याला विचारतं, कोण हरल्यावर चिडत नाही. कौसल्येने एकदा सांगितलं होतं, ‘जी खोडरबर देते आणि परत मागायचं विसरते ती मुलगी.’ वर्गाने एका आवाजात ओळखलं. मला ह्या नियमाचा फार अभिमान होता. स्टाफरूममध्ये, क्लबात, गणेशोत्सवात, जो भेटेल त्याला मी तो सांगत सुटायचे.

त्या हिवाळ्यात मुलांना कारखाना दाखवायला नेलं होतं. मुलगे खिडकीतून क्रेन बघत होते, मुली आवाजाने कानांत बोटं घालून उभ्या होत्या, आणि कौसल्या एका इंजिनियरला विचारत होती की एवढा मोठा दांडा फिरताना थरथरत कसा नाही. तो वीस मिनिटं तिला समजावत होता. परत येताना बसमध्ये माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, “मैडम, मुझे इसी कारखाने में आना है. मगर बिना ट्रे के.” म्हणजे ट्रे न घेता. पंधरा वर्षांची पोर. मी तिचा हात धरून ठेवला.

दहावीला ती शाळेत तिसरी आली. गणितात तर पहिली. अकरावी सायन्सची एकच तुकडी होती, चाळीस जागांची. कर्मचाऱ्यांची मुलं आधी, बाहेरच्यांना दोन जागा, असा नियम. कौसल्येच्या फॉर्मवर ‘वडील कुठे काम करतात’ ह्या रकान्यात ‘कारखाना’ असं होतं. खोटं नव्हतं ते. माणूस सकाळी सहापासून त्याच गेटाच्या आत राबत होता. कार्यालयाने फॉर्म तपासून कर्मचाऱ्यांच्या गठ्ठ्यात ठेवला होता. सायन्सला तिची जागा पक्की, असंच सगळे धरून होते.

त्या वर्षी निवड समितीवर नवे कार्मिक अधिकारी आले होते, धारप म्हणून. आपलेच, नागपूरकडचे. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक मुलाबद्दल वर्गशिक्षकांनी इंग्रजीत चार ओळींचं टिपण द्यावं. मी बाकीच्या मुलांची टिपणं भराभर लिहिली. कौसल्येचं लिहायला मात्र रविवारची आख्खी दुपार घेतली. मला ते सुंदर व्हायला हवं होतं. वाचणाऱ्याने ‘वा’ म्हणायला हवं होतं, तिच्याबद्दलही आणि, खरं सांगते, माझ्या इंग्रजीबद्दलही. आणि मी लिहिलं, ‘कौसल्या, जिचे वडील कँटीनमध्ये चहा वाढतात, ही माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांमधली सर्वांत बुद्धिमान मुलगी आहे.’ दोन स्वल्पविराम, मधे वडील. वाटलं होतं, साहेब लोकांच्या काळजाला हात घालेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्याला. वर्षभर फळ्यावर नियम लिहीत होते मी, आणि तो मोडला कुणी, तर मीच.

समितीची बैठक प्राचार्यांच्या खोलीत झाली. आम्ही नऊ जण होतो. धारप एकेक टिपण, लिहिणाऱ्याचं नाव घेऊन, मोठ्याने वाचत होते. कौसल्येचं आलं. वाचता वाचता ते थांबले, चष्मा वर केला.

“कँटीन? पण कँटीन तर गेल्या वर्षापासून ठेक्यावर दिलंय ना?”

कुणी काही बोलायच्या आत दार उघडलं आणि गेंदालाल चहाचा ट्रे घेऊन आत आले. नऊ कप. पांढरा शर्ट, खांद्यावर फडकं. त्यांनी वाकून पहिला कप धारपांपुढे ठेवला. प्राचार्य हळूच म्हणाले, “हेच ते.” धारपांनी मान वर न करता विचारलं, “क्यों भाई, कंपनी के हो कि ठेकेदार के?”

गेंदालालांना इंग्रजी येत नव्हतं, पण कागदावर मुलीचा फोटो होता आणि तो त्यांना दिसत होता. ‘कंपनी का’ म्हणाले असते तर कदाचित प्रकरण तिथेच मिटलं असतं, कोण जाणार होतं तपासायला? पण तो माणूस म्हणाला, “पहले कंपनी का था साहब. अब ठेकेदार का.”

“ठीक है,” धारप म्हणाले आणि फॉर्म उचलून बाहेरच्यांच्या गठ्ठ्यात ठेवला. गेंदालालांनी उरलेले आठ कप वाढले. एक थेंब बशीत सांडला नाही. माझ्यापुढे कप ठेवताना म्हणाले, “मैडम, शक्कर कम है आपकी.” माझा चहा त्यांना माहीत होता. ते भिंतीशी जाऊन उभे राहिले, रिकामे कप न्यायला, आणि आम्ही पुढच्या फॉर्मकडे वळलो.

बाहेरच्यांच्या दोन जागा कुणाला गेल्या, विचारा. एक गेली एका मोठ्या साहेबांच्या मेहुण्याच्या मुलाला. त्याला कौसल्येपेक्षा कितीतरी कमी गुण, आणि तो टाउनशिपमध्ये राहायला आला होता त्या जूनमध्ये. दुसरीचीही तीच कथा. नियम म्हणे! गरिबाच्या पोरीला आडवा येतो तो नियम, आणि साहेबाच्या मेहुण्याला जिन्याचा कठडा होतो तोही नियमच. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही अक्षर मोठं झालंय माझं.

घरी येऊन मी भांडी आपटली. आमचे हे वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, “आणि मीटिंगमध्ये तू काय म्हणालीस?”

आता काय सांगायचं? मी काहीच म्हणाले नव्हते. ह्यांची बढती धारपांच्या टेबलावरून जाणार होती, हे मला त्या खोलीत आठवलं होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. मी म्हणाले, “मी चहाला हात लावला नाही.”

“वा! चहा न पिऊन क्रांती केलीस,” हे म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र धारपांच्या ऑफिसात गेले. ते उठून उभे राहिले. “या वहिनी, बसा.”

“बसायला नाही आले. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, एवढंच विचारायला आले. शाळेत तिसरी आलेली मुलगी बाहेर, आणि कालपरवा गाडीतून उतरलेला मुलगा आत?”

“वहिनी, नियमापुढे माझा इलाज नाही.”

“नियम तुम्हाला त्या खोलीतच बरा आठवला! फॉर्म तर कार्यालयाने पास केला होता.”

धारपांनी फाइल उघडली आणि माझं टिपण माझ्यापुढे सरकवलं. “मला काय स्वप्न पडलं होतं, वहिनी? तुमच्याच हातचं आहे. ती मुलगी हुशार आहे, एवढं लिहून थांबला असतात तर मी कशाला विचारलं असतं? वडिलांचं तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

मी पर्समधून दुसरं टिपण काढलं. रात्री लिहून आणलं होतं, मधलं वाक्य गाळून. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. “वाचलेलं न वाचलेलं कसं करू?” म्हणाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी बाहेर आले, सायकलस्टँडपाशी उभं राहून तो कागद बारीक बारीक फाडला. नंतर प्राचार्यांना पत्र लिहिलं, युनियनच्या पुढाऱ्याच्या घरी गेले, महाव्यवस्थापकांना अर्ज केला. युनियनवाले म्हणाले, ठेक्याची माणसं आमची सभासद नाहीत. महाव्यवस्थापकांकडून पोच आली, उत्तर काही आलं नाही.

कौसल्या शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली तेव्हा मी व्हरांड्यात गाठलं तिला. म्हणाली, “सरकारी स्कूल में साइंस की टीचर नहीं हैं मैडम. कॉमर्स ले रही हूँ.” मी म्हटलं, संध्याकाळी घरी ये, मी शिकवीन. ती ‘जी’ म्हणाली आणि आली नाही. ते वाक्य मी लिहिलं होतं, हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं काय, तर धारप किती नालायक माणूस आहे ते. पुढच्या वर्षी ह्यांना बढती मिळाली, आम्ही वरच्या टाइपच्या क्वार्टरमध्ये गेलो. शनिवारचा खेळ मी बंद केला. मुलांनी विचारलं तर म्हटलं, अभ्यासक्रम वाढलाय.

त्यानंतर कित्येक वर्षं मी ही हकीकत लोकांना सांगत आले. धारप, नियम, मेहुण्याचा मुलगा. शेवटी नेहमी म्हणायचे, “सगळ्यांनी चहा प्यायला, मी कपाला हात लावला नाही.” ऐकणारे मान डोलावत. सांगून सांगून मलाही तो भरलेला कप, वर साय धरलेला, डोळ्यांपुढे दिसायला लागला होता.

निवृत्तीनंतर आम्ही कोटरा सुल्तानाबादला घर घेतलं. पेन्शनीतल्या माणसाला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा कागद भरून द्यावा लागतो. दोन वर्षांपूर्वी माझं खातं महाराणा प्रताप नगरच्या शाखेत गेलं होतं. तिथे रांगेत उभी होते. काचेच्या केबिनमधून एक पन्नाशीकडे झुकलेल्या बाई उठून बाहेर आल्या, केस आखूड कापलेले, चष्मा. माझा हात धरून आत नेलं. “मैडम, पहचाना? कौसल्या.” शाखेची मॅनेजर होती ती.

बसल्या बसल्या मी विचारलं, “गेंदालालजी?”

“बाबूजी को गए चार साल हो गए,” ती म्हणाली. माझा कागद पुढे ओढून ती रकाने भरू लागली. नाव, पत्ता, खातं. मला न विचारता सगळं लिहीत होती. मला राहवेना.

“कौसल्या, त्या टिपणात तुझ्या बाबूजींचं मी लिहिलं होतं गं. मीच. धारपांनी नाही.”

“मालूम है मैडम,” तिने लिहिणं थांबवलं नाही. “बाबूजी ने उसी दिन बता दिया था. ट्रे लेकर दरवाज़े के बाहर खड़े थे, साहब ने आपका नाम लेकर कैंटीन वाली बात पढ़ी, तो सुन ली थी.”

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. व्हरांड्यात मी धारपांना शिव्या देत होते तेव्हाही ठाऊक होतं. मी घाईघाईने म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर मला माझीच शरम वाटली, “पण मी त्या दिवशी चहाला हातसुद्धा लावला नाही, देवाशपथ.”

आता तिने मान वर केली. रागावली नव्हती. आईने खोटं बोलणाऱ्या लेकराकडे बघावं तसं काहीसं बघितलं तिने. “मैडम, बाबूजी को प्याले गिनकर लौटाने पड़ते थे. घर आकर बोले, नौ भरे ले गया था, नौ खाली ले आया.”

मला आठवलं. साखर कमी होती, आणि चहा चांगला झाला होता.

तेवढ्यात एक तरुण क्लार्क सहीला फाइल घेऊन आत आला. मला खुर्चीत बघून आदबीने उभा राहिला. “मैडम, ये?”

“मेरी अंग्रेज़ी की मैडम हैं,” कौसल्या म्हणाली.

माझ्या मनात आलं, आता पुढे येईल. ‘जिन्होंने’ म्हणून सुरुवात होईल आणि माझी जन्माची ओळख त्या पोरासमोर मांडली जाईल. तिला हक्क होता. वाक्य बिनचूकही झालं असतं, मीच शिकवलं होतं.

तिने पुढे काहीही जोडलं नाही. फाइलवर सही केली, मग माझा कागद ओढला, आणि मी जिवंत असल्याचा शिक्का त्यावर मारला.